पाच फूट सात इंच

रेणूची उंची पाच फूट सात इंच आहे, हे धनजमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, पण ठाऊक नव्हतं. गावात अशा बऱ्याच गोष्टी असतात. दिसतात सगळ्यांना, बोलत कुणी नाही, आणि न बोलता बोलता त्या नसल्यासारख्याच होऊन जातात.

तिचं माहेर रिसोडकडचं. आठवीच्या वर्षी पोरीनं अशी काही उंची घेतली की जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीला घोट्याच्या वर आला. मुलगा असता तर वडिलांनी, फुलचंदरावांनी, गावभर मिरवला असता. मुलगी होती म्हणून घरात काळजी शिरली. कस्तुराबाई नावाची एक आत्या होती, तिनं त्या वर्षापासून व्रतच घेतलं. रेणू अंगणातून चालली की ही ओट्यावरून म्हणायची, "वाकून चाल वं माय. एवढी उंच पोरगी कोन करीन?" रोज कानावर पडलेली गोष्ट अंगात मुरतेच. दहावीपर्यंत रेणूचे खांदे पुढे आले आणि मान खाली गेली, आणि लोक म्हणू लागले, पोरगी लाजाळू आहे हो.

एकच जागा अशी होती जिथे तिला वाकावं लागत नव्हतं. वडिलांची चोवीस इंची दांडीची सायकल. आधी ती दांडीखालून पाय घालून कैची शिकली, मग दांडीवर बसून, आणि चौदाव्या वर्षी सीटवर. ज्या दिवशी दोन्ही पाय सीटवरून टेकले, त्याच आठवड्यात सायकल बंद झाली, कारण सायकलवर बसली की ती आणखीच उंच दिसायची. रेणू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, पण तिसऱ्या दिवशी जेवली. घरात कुणी त्यावर फार बोललं नाही.

लग्नाचा बायोडाटा करायला रिसोडला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानवाल्यानं विचारलं, उंची? फुलचंदराव पापणी न हलवता म्हणाले, पाच चार. दुकानवाल्यानं बाकावर बसलेल्या रेणूकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि पाच चार टाइप केलं. त्याच महिन्यात तिकडे कारंज्याच्या एका तशाच दुकानात धनजचे जगदेवराव आपल्या विकासचा बायोडाटा करत होते. विकास पाच फूट पाच इंच. जगदेवरावांनी पाच आठ सांगितलं. रिसोडात तीन इंच कापले गेले आणि कारंज्यात तीन इंच जोडले गेले, आणि कागदावर जोडा अगदी दृष्ट लागण्यासारखा जमला.

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी बहुतेक वेळ बसलेलीच असते, त्यामुळे पहिला टप्पा पार पडला. पण पाहुण्यांनी, जरा चालून दाखव बाई, म्हटलं. त्याचीही तयारी कस्तुराबाईनं करून घेतली होती. साडीच्या आत गुडघे वाकवून चालायचं, साडीत गुडघे कुणाला दिसतात? रेणू तशी चालली. लग्नात अंतरपाटाच्या एका बाजूला विकासच्या पायाखाली जाड पाट होता आणि दुसऱ्या बाजूला रेणूच्या पायाखाली नुसते तांदूळ. फोटोवाल्यानं तर न सांगताच नवरीला खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याला शेजारी उभं केलं. धंद्यात मुरलेला माणूस होता तो.

संसार मात्र छान चालला. विकास हा खरोखर चांगला माणूस. शेतात राबणारा, घरात आवाज न चढवणारा, बायकोच्या हातची भाजी खारट झाली तरी दुसऱ्यांदा वाढून घेणारा. त्याची दुखरी नस एकच, उंची. जाड तळव्याचे बूट घालायचा, केस वर फिरवायचा. रेणूनं ती नस पहिल्याच आठवड्यात ओळखली आणि मनाशी ठरवलं की हिला हात लावायचा नाही. रस्त्यानं चालताना ती अर्धं पाऊल मागे राहायची, खांदे आणखी पुढे घ्यायची. संध्याकाळी मान आणि पाठ ठणकायची. मग ती बाम चोळायची आणि सासूबाईंना सांगायची की कापूस वेचून दुखते. कापसाचा हंगाम संपला तरी ती तेच सांगायची.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि विकासला सायकलचं वेड लागलं. कारंज्यात चार मास्तर, एक डॉक्टर आणि दोन दुकानदार मिळून दर रविवारी सायकली घेऊन रानात जायचे. त्यांच्याबरोबर हा एकदा वडिलांच्या जुन्या बावीस इंची सायकलवर गेला आणि पांदण रस्त्यानं त्याची हाडं न् हाडं मोजली. आमच्याकडचा पांदण रस्ता म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा असतो आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच वाळल्या की दिवाळीत दगड होतो. तिथे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली डोंगरी सायकल पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. विकासनं ते मनावर घेतलं.

योग असा की रेणूचा धाकटा भाऊ प्रज्वल पुण्यात सायकलच्या मोठ्या दुकानात कामाला होता. हौशी लोक वर्षभर चालवून चांगल्या सायकली तिथे परत देतात, त्यातली एक बेतात बसेल अशी काढतो, असं तो म्हणाला. फक्त फ्रेमचं माप हवं होतं. फोन स्पीकरवर होता, ओट्यावर जगदेवराव सुपारी कातरत बसले होते, आत रेणू भाकरी थापत होती. प्रज्वलनं विचारलं, भाऊजी, तुमची उंची किती?

विकासनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच आठ."

आत रेणूचा हात भाकरीवरच थांबला. बहिणीच्या लग्नात प्रज्वलनं याच भाऊजींना दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचललं होतं, त्याला अंदाज का नव्हता? पण जावयाला, तुम्ही सांगता ती तुमची उंची नव्हे, असं कुठल्या मेहुण्यानं आजवर म्हटलंय? तो म्हणाला, बरं भाऊजी, मग लार्ज. जगदेवरावही मोकळ्या मनानं म्हणाले की मोठीच बरी, मोठ्या वस्तूत कधी घाटा नसतो. रेणूनं भाकरी तव्यावर टाकली.

आठ दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या टपावरून खोकं कारंज्याला उतरलं आणि ट्रॉलीतून धनजला आलं. अंगणात जोडणी झाली. शेवाळी रंगाची, रुंद टायरची, मधोमध स्प्रिंगचा तो मागचा शॉकअप. बघायला अर्धी आळी जमली होती. विकासनं नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, पाय टाकला आणि वर चढला. चढला खरा, पण खाली पोचायला त्याला फक्त एका पायाचा अंगठा उरला. सायकल एका बाजूला कलली, हा तिच्याबरोबर कलला आणि दोघं मिळून सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात जाऊन पडले. कुटार मऊ असतं, लागलं काही नाही. उठून, अंगावरची फोलं झटकत तो म्हणाला की नवीन आहे, हात बसायला वेळ लागेल. आळीनंही मान हलवली, आणि वळणावर जाऊन मनसोक्त हसून घेतलं.

मग रोज सकाळी विकासची झटापट सुरू झाली. सीट पार तळाशी उतरवली, तेव्हा कुठे पाय टेकले. पण हँडल काही जवळ येईना. ते धरायला तो असा पुढे ताणला जायचा की कोपर सरळ, पाठ ओढलेली आणि पुढचं दिसायला मान मागे मोडलेली. प्रज्वलनं फोटो मागवले आणि फार सांभाळून, शब्द चाचपत सांगितलं की भाऊजी, सीट खालीवर करता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतची लांबी फ्रेमचीच असते, ती कशानं कमी होत नाही. कोपरं थोडी वाकलेली राहिली पाहिजेत. उभं राहिल्यावर पायांमधल्या दांडीत आणि आपल्यात तीन-चार बोटं अंतर पाहिजे. दुकानात एक मीडियमही आहे, आठ दिवसांच्या आत परत केली तर मालक बदलून देतील, लार्जला दुसरं गिऱ्हाईक थांबलेलंच आहे. फक्त नीट माप घेऊन कळवा. विकास म्हणाला, काही गरज नाही, सवय होईल.

सायकल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. सासूसासरे वावरात, विकास सोयाबीन घेऊन कारंज्याच्या मंडीत. रेणू अंगण झाडत होती. सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिनं झाडू ठेवला. नुसता हात लावून पाहू, असं म्हणाली ती मनाशी. मग आत जाऊन साडी बदलून सलवार-कमीज घातला, ओढणी कमरेला बांधली आणि सायकल मागच्या दारानं पांदणीवर काढली. नुसता हात लावायला कुणी कपडे बदलत नाही, हे तिलाही कळत होतं.

सीटचा खटका हातानंच उघडत होता. तिनं सीट वर घेतली, चार बोटं, मग आणखी दोन. बसली. मागचा शॉकअप तिच्या वजनानं किंचित दबला आणि तिथेच थांबला, जणू म्हणाला, बस. हात हँडलवर गेले आणि कोपरं आपोआप वाकली. पाठ लांब झाली. मान वर आली, कारण खाली जायला तिला जागाच नव्हती. चौदा वर्षांची असताना सुटलेली गोष्ट पायांना लख्ख आठवली. वाळलेल्या चाकोऱ्यांवरून सायकल ठाण-ठाण उड्या मारत गेली आणि सीटवर मात्र काही पोचेना. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली. एरवी या रस्त्यानं चालताना तिला तुरीच्या बुडाची माती दिसायची, आज शेंड्यांवरून पार मोठ्या पिंपळापर्यंतचं रान दिसत होतं. रेणू मोठ्यानं हसली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आणखी एकदा हसली.

घरी येऊन तिनं चाकं पुसली, सीट बोटानं मोजून पुन्हा तळाशी नेली आणि साडी नेसून भाजी निवडायला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी तर लवकर कामं उरकून वाटच पाहत बसली. उंची सोडली तर तीन वर्षांत तिनं नवऱ्यापासून एवढं एकच लपवलं, आणि तेही त्याचीच सायकल. आनंद असा की रात्री डोळे मिटले तरी पांदण रस्ता पायाखालून पळायचा. आणि त्या आनंदाला टोचणीही तेवढीच, कारण शेजारी विकास कुशीवर वळताना कण्हत होता.

सहाव्या दिवशी सकाळी तो उठला तो मान वाकडी घेऊनच. उजवीकडे पाहायचं तर अख्खा माणूस वळवावा लागत होता. सासूबाई, गोजराबाई, कोमट तेल घेऊन चोळत बसल्या. आणि हा म्हणतो काय, तर दोन दिवसांनी रविवार आहे, मी ग्रुपबरोबर जाणारच.

रेणूला दोन्ही बाजू स्वच्छ दिसत होत्या. गप्प राहिली तर हा माणूस तीन खोट्या इंचांपायी पाठ मोडून घेईल. बोलली तर खरं माप पुण्याला जाईल, शेवाळी सायकल परत खोक्यात बसेल आणि तिच्या बदली मीडियम येईल. त्याला बरोबर, तिला लहान. शिवाय ज्या नसेला हात लावायचा नाही असं तिनं तीन वर्षं पाळलं, तिच्यावरच बोट ठेवावं लागेल. तिनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली.

"ते सायकल तुमाले मोठी होते," ती म्हणाली. "खरं माप देऊन बदलून घ्या."

गोजराबाईंचा हात थांबला. ओट्यावरच्या जगदेवरावांनी अडकित्ता खाली ठेवला. विकासनं मान न वळवता विचारलं, "तुले कसं समजलं?"

"मले बरोबर होते म्हनून," रेणू म्हणाली. "मी चालवली. चार दिवस झाले, रोज चालवून राह्यली."

विकासनं कप ठेवला, उठला आणि मोबाईल काढून प्रज्वलला व्हिडीओ कॉल लावला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो फोनमध्ये म्हणाला, माप कसं घेतात ते सांग. प्रज्वल सांगत गेला. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण करायची. मग पुस्तक दोन्ही पायांच्या मधे वरपर्यंत दाबून धरायचं आणि जमिनीपासून टेपनं मोजायचं. गोजराबाईंनी त्या दुसऱ्या मापाला पदर तोंडाशी घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

विकास भिंतीला लागला. जगदेवरावांनी खूण केली. टेप लावला. पाच पाच. त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला आणि पुढे अर्धवट पुटपुटले की कारंज्याच्या त्या दुकानात आपणच जरा वाढवून सांगितलं होतं. विकास म्हणाला, "आता हिचं घ्या."

रेणू भिंतीला टेकली, सवयीनं खांदे पुढे घेऊन. विकासनं तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि ते अलगद भिंतीकडे नेले. डोक्यावर पुस्तक धरायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या, आणि त्यानं त्या सगळ्यांसमोर उचलल्या. खूण त्याच्या खुणेच्या दोन इंच वर झाली. पाच सात. प्रज्वल फोनमधून म्हणाला की पाच सात म्हणजे मीडियम आणि लार्जच्या अगदी मधलं माप, अशा वेळी हात बघायचे, आणि आमच्या ताईचे हात कायम लांबच होते. लार्ज तिला चपखल.

विकासनं त्या दोन खुणा पाहिल्या. मग मान वाकडी असल्यामुळे अख्खाच तिच्याकडे वळला.

"मले सहा दिवस वाकून बसा लागलं तं मान धरली," तो म्हणाला. "तू किती वर्षांपासून वाकून राह्यली, रेणू? तुले नाई दुखलं?"

काही नाही दुखत, असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण खांदे अजून भिंतीला टेकलेले होते.

"दुखते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "लय दुखते."

विकासनं फोन तोंडाशी नेला. म्हणाला, प्रज्वल, मीडियम दुसऱ्या कोनाले देऊन टाक. ही सायकल इथंच राहीन, जिचं माप हाये तिची. दोन सायकलींचे पैसे आत्ता नाई, माझ्या मापाची पुढं कधी आली तं सांगजो, तोवर बाबांची बावीस इंची काय वाईट हाये. पलीकडून प्रज्वल नुसतंच बरं म्हणाला.

तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गोजराबाई वळल्या. इतका वेळ गप्प बसल्याची भरपाई करावी तशा एका दमात म्हणाल्या, "पाहाले आलो तवाच मले समजलं होतं. लुगड्यात गुडघे वाकवून चालली होती हे. पोरगी मले आवडली होती, म्हनून चुप राह्यली." जगदेवरावांनी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, तुमी तरी मले पोराचं कुठं सांगितलं होतं. आणि मग आधी त्याच हसायला लागल्या, मग विकास मान धरून हसू लागला, आणि जगदेवरावांना सुपारीचा ठसका लागेपर्यंत ते हसणं थांबलं नाही. रविवारी दोघांनी जोडीनं जायचं ठरलं, ही पुढे आणि तो बावीस इंचीवर मागे, कारण मागे कोण होतं ते आता कुणाला मोजायचं नव्हतं.

रेणूनं डोळे पुसले. सगळ्यांना पुन्हा चहा टाकते म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. मान वर, खांदे मागे, जशी भिंतीला उभी होती तशीच. आणि दारात खाडकन आवाज झाला.

जगदेवरावांच्या वडिलांनी बांधलेलं ते दार, आणि या घरात कधी कुणाचं डोकं त्या चौकटीला लागलं नव्हतं. रेणूही तीन वर्षं दिवसातून पन्नासदा त्यातून गेली होती, तिलाही कधी लागलं नव्हतं. ती कपाळ धरून खाली बसली. विकास धावत आला, लागलं काय, लागलं काय म्हणत. तिनं वर पाहिलं, तर ती हसत होती, इतकी की तिला बोलता येईना.

जगदेवरावांनी जागेवरूनच चौकटीकडे एकदा निरखून पाहिलं, टेप गुंडाळला आणि म्हणाले, "उद्या मिस्त्री बोलावतो. दार वर घ्या लागते."